विचिटा स्टेटला पुन्हा चांगले दिवस येतील का? अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचे बदललेले गणित

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील विचिटा हे साधारण चार लाख वस्तीचे शहर विमानांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. सेसना आणि बीचक्राफ्ट या कंपन्या इथल्याच, बोइंग 737 विमानाचे धडही इथेच जोडले जाते, आणि म्हणूनच एरोस्पेस अभियांत्रिकी शिकू पाहणाऱ्या भारतीय मुलांना विचिटा स्टेट विद्यापीठाचे नाव परिचयाचे असते. मी 2012 च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून तिथे एमएस करायला गेलो तेव्हा बास्केटबॉलचे नियमही मला धड ठाऊक नव्हते. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये त्याच विद्यापीठाचा संघ देशातल्या शेवटच्या चार संघांत जाऊन पोहोचला, आणि तेव्हापासून तो संघ माझा झाला.

त्यानंतरच्या पाच वर्षांत या संघाने जे पाहायला दिले ते फार थोड्या चाहत्यांच्या वाट्याला येते. मग उतरण लागली. 2022 ते 2025 या चार हंगामांत विचिटा स्टेट राष्ट्रीय स्पर्धेत एकदाही खेळला नाही. भारतातले मित्र अधूनमधून विचारतात की तुमचा संघ पुन्हा कधी वर येणार, आणि मला त्याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण गेल्या पाच-सहा वर्षांत अमेरिकी कॉलेज खेळांचे कायदे, पैसा आणि खेळाडूंची ये-जा हे सगळेच बदलले आहे. ते बदल समजल्याशिवाय मधल्या फळीतल्या कोणत्याही संघाच्या भवितव्याचा अंदाज बांधता येत नाही. विचिटा स्टेट हे त्यातले मला सर्वांत जवळून माहीत असलेले उदाहरण आहे.

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणजे खेळाडूंचे मित्र, एखाद-दुसरे प्राध्यापक आणि मैदानाच्या कडेला उभे राहिलेले चार जण असे चित्र असते. अमेरिकेत विद्यापीठाचा संघ हा त्या शहराचा संघ असतो. विचिटामध्ये एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, संघ नाही, त्यामुळे शहराची सारी माया शॉकर्सवर, म्हणजे विचिटा स्टेटच्या संघावर, आहे. या नावामागे शेती आहे. विद्यापीठाच्या सुरुवातीच्या काळात विद्यार्थी सुगीच्या दिवसांत गव्हाच्या पेंढ्या शेतात उभ्या रचण्याची मजुरी करून पैसे कमवत, पेंढ्यांच्या त्या रचनेला इंग्रजीत 'शॉक' म्हणतात, आणि त्यावरून संघ 'शॉकर्स' झाला. संघाचे घरचे मैदान म्हणजे 1955 साली उभी राहिलेली कोच अरीना ही गोल इमारत. हिला सगळे 'राउंडहाउस' म्हणतात. तिथे 10,506 माणसे बसतात, आणि चांगल्या दिवसांत त्यातली एकही खुर्ची रिकामी नसे.

आता या खेळाची उतरंड. कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठांचे बास्केटबॉल संघ आहेत आणि ते तीसेक गटांत विभागलेले आहेत. या गटांना 'कॉन्फरन्स' म्हणतात. आपला संघ वर्षभरातले बहुतेक सामने आपल्याच कॉन्फरन्समधल्या संघांशी खेळतो, आणि टीव्हीचा पैसाही कॉन्फरन्सच्याच मार्फत येतो. साउथईस्टर्न, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह आणि अटलांटिक कोस्ट हे चार गट श्रीमंत आहेत. बास्केटबॉलपुरता बिग ईस्टही त्यांच्याच पंगतीत बसतो. त्यांच्याखाली अमेरिकन, अटलांटिक टेन, माउंटन वेस्ट, मिसुरी व्हॅली अशी मधली फळी आहे आणि विचिटा स्टेट या फळीतला आहे.

हंगामाच्या शेवटी, मार्चमध्ये, 68 संघांची राष्ट्रीय बाद फेरीची स्पर्धा होते. तिच्यात शिरायला दोन दारे आहेत. पहिले दार म्हणजे आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकणे. 2025 साली अशा 31 विजेत्यांना थेट प्रवेश होता. उरलेल्या 37 जागा निवड समिती भरते. हे दुसरे दार मधल्या फळीसाठी दरवर्षी अधिक अरुंद होत चालले आहे. 2025 मध्ये साउथईस्टर्न या एकाच कॉन्फरन्समधल्या 16 पैकी 14 संघांना प्रवेश मिळाला, आणि त्या वर्षी शेवटचे सोळा संघ पाहिले तर सगळेच्या सगळे वर सांगितलेल्या चार श्रीमंत गटांतले होते. असे या स्पर्धेच्या इतिहासात पूर्वी कधीच घडले नव्हते.

शॉकर्सचे दिवस कसे आले

विचिटा स्टेट 1965 सालीही शेवटच्या चारांत पोहोचला होता, आणि 1985 मध्ये झेवियर मॅकडॅनिएलने एकाच हंगामात गुण आणि रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणे) या दोन्हींत देशात पहिला क्रमांक मिळवला होता. पण माझ्या पिढीच्या चाहत्यांसाठी इतिहास 2013 पासून सुरू होतो. स्पर्धेत प्रत्येक संघाला मानांकन मिळते, आकडा जितका लहान तितका संघ तगडा मानला जातो. त्या वर्षी नवव्या मानांकनाच्या शॉकर्सनी पहिल्या मानांकनाच्या गोन्झागाला 76-70 आणि नंतर ओहायो स्टेटला 70-66 असे हरवले. उपांत्य फेरीत लुइव्हिलविरुद्ध दुसऱ्या सत्रात 12 गुणांची आघाडी असूनही सामना 72-68 ने गेला. पुढचा हंगाम त्याहून मोठा ठरला. संघाने सलग 35 सामने जिंकले आणि 23 मार्च 2014 रोजी सेंट लुइसमध्ये केंटकीकडून 78-76 असा पहिला आणि शेवटचा पराभव पत्करला. फ्रेड व्हॅनव्लीटचा अखेरच्या क्षणीचा फेकलेला चेंडू रिंगला लागून बाहेर आला. तो सामना मी विद्यार्थी वसतिगृहात चाळीसेक जणांबरोबर पाहिला होता आणि त्यानंतर बराच वेळ खोलीतून कुणी उठले नव्हते. वर्षभराने ओमाहामध्ये शॉकर्सनी राज्यातल्या थोरल्या घराण्याला, म्हणजे कॅन्सस विद्यापीठाला, 78-65 असे हरवले. 1993 नंतर हे दोन शेजारी संघ प्रथमच एकमेकांसमोर आले होते, कारण कॅन्ससला विचिटाशी खेळून मिळवण्यासारखे काही नव्हते आणि गमावण्यासारखे बरेच होते.

2014 च्या त्या केंटकी सामन्याकडे नीट पाहिले तर मधल्या फळीतल्या संघाचे जुने गणित कळते. केंटकीचे सुरुवातीचे पाचही खेळाडू कॉलेजच्या पहिल्या वर्षातले होते. देशभरातून वेचलेली ही मुले एखाद-दोन वर्षांत एनबीएमध्ये जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते. विचिटा स्टेटकडे अशी मुले कधीच येत नसत. त्यांच्याकडे होता रॉकफर्डहून आलेला, उंचीने कमी म्हणून मोठ्या संघांनी फारसा न विचारलेला व्हॅनव्लीट. पश्चिम कॅन्ससमधल्या स्कॉट सिटी या छोट्या गावचा, सुरुवातीला शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला रॉन बेकर. आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजमधून उचललेला क्लिअँथनी अर्ली. प्रशिक्षक ग्रेग मार्शल यांनी अशी मुले हेरली, त्यांना दोन वर्षे बचाव शिकवला, एकमेकांबरोबर खेळवून मुरवले, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती देशातल्या कोणत्याही संघापुढे उभी राहिली. व्हॅनव्लीट चार वर्षे राहिला. 2016 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, त्याला कुणीही निवडले नाही, तरी 2019 मध्ये तो टोरंटो रॅप्टर्सबरोबर अजिंक्यपद जिंकला आणि 2022 मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे एनबीएच्या निवडक उत्तम खेळाडूंत गणला गेला.

म्हणजे श्रीमंत संघांकडे गुणवत्ता होती आणि शॉकर्सकडे वेळ होता. विचिटा स्टेटचे खरे भांडवल कोणते, असे मला कुणी विचारले तर मी ना मैदान सांगेन ना प्रशिक्षक. बावीस-तेवीस वर्षांची, एकमेकांच्या सवयी डोळे मिटून ओळखणारी मुले हेच ते भांडवल होते. मुरलेल्या संघासमोर कच्ची गुणवत्ता अनेकदा हरते. 2012 ते 2018 अशी सलग सात वर्षे राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली ती याच बळावर.

हे भांडवल गळायला कसे लागले

त्या काळी खेळाडूने विद्यापीठ बदलले तर त्याला एक वर्ष सामन्यांविना बाहेर बसावे लागे, आणि बदल करण्यापूर्वी आधीच्या विद्यापीठाची परवानगीही लागे. या अटी खेळाडूवर अन्याय करणाऱ्या होत्या यात मला शंका नाही, कारण प्रशिक्षक मात्र करार मोडून दुसऱ्या दिवशी दुसरीकडे रुजू होऊ शकत. पण त्या अटींमुळेच छोट्या संघांना मुले टिकवता येत होती हेही तितकेच खरे. ऑक्टोबर 2018 मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू झाले. ही एक साधी नोंदवही आहे: खेळाडूने आपले नाव तिच्यात टाकले की कोणताही प्रशिक्षक त्याच्याशी बोलू शकतो, परवानगीचा प्रश्न उरत नाही. एप्रिल 2021 मध्ये एकदा विद्यापीठ बदलल्यास बाहेर बसण्याची अट गेली, आणि एप्रिल 2024 मध्ये, अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा बदल करण्याची मुभा मिळाली. आज प्रत्येक खेळाडूचा करार व्यवहारात एका वर्षाचा आहे.

याच सुमारास पैशाचेही दार उघडले. जून 2021 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या विरोधात 9-0 असा निकाल दिला आणि 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना आपले नाव, छबी आणि ओळख वापरू देण्याबद्दल मोबदला घेता येऊ लागला. याला तिथे 'एनआयएल' म्हणतात. मूळ कल्पना जाहिरातीची होती, पण लवकरच प्रत्येक विद्यापीठाच्या श्रीमंत पाठीराख्यांनी निधी उभारून खेळाडूंना सरळ पगारासारखे पैसे द्यायला सुरुवात केली.

मुक्त ये-जा आणि खुला पैसा हे दोन्ही एकत्र आल्यावर विचिटा स्टेटचे काय झाले हे 2022 च्या वसंतात दिसले. संघाचा हंगाम 15 विजय आणि 13 पराभवांचा, म्हणजे बेताचाच गेला होता, आणि त्यानंतर रिकी काउन्सिल अर्कान्सोला गेला, डेक्स्टर डेनिस टेक्सस ए अँड एमला आणि मॉरिस उडेझे न्यू मेक्सिकोला. काउन्सिल विचिटात दोन वर्षे घडला होता. अर्कान्सोमध्ये एक वर्ष खेळून तो एनबीएमध्ये पोहोचला. 2025 मध्ये पुन्हा तेच झाले. फ्लोरिडा स्टेटमध्ये फारसा वाव न मिळालेला उंचापुरा क्विन्सी बॅलर्ड विचिटात येऊन तीन वर्षांत चांगला सेंटर झाला आणि मिसिसिपी स्टेटला गेला, तर आदल्याच वर्षी सेंट पीटर्सहून आलेला कोरी वॉशिंग्टन एका हंगामानंतर एसएमयूला (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला) गेला. नांगरणी-पेरणी आपण करायची आणि मळणी दुसऱ्याच्या खळ्यात व्हायची, असे हे चित्र आहे.

मी या मुलांना दोष देत नाही, आणि इतर चाहत्यांनीही देऊ नये असे मला मनापासून वाटते. ज्या काळात खेळाडूला शिकवणीची फी आणि जेवणखाण यापलीकडे काही मिळत नव्हते, त्याच काळात मार्शल यांचा वार्षिक पगार 30 लाख डॉलरच्या वर होता. खेळाडूंशी गैरवर्तन केल्याच्या आरोपांवरून विद्यापीठाने चौकशी नेमली, त्यांनी आरोप नाकारले, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये ते पायउतार झाले तेव्हा समझोत्यापोटी त्यांना सहा वर्षांत मिळून 77 लाख 50 हजार डॉलर देण्याचे ठरले. ज्या व्यवस्थेत जाणाऱ्या प्रशिक्षकासाठी एवढी रक्कम निघते, तिथे अठरा वर्षांच्या मुलाने बाजारभाव विचारला तर त्यात गैर काहीच नाही.

मोठा बदल मात्र 6 जून 2025 रोजी आला. कॅलिफोर्नियातील न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी 'हाउस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाव्यातील तडजोडीला मंजुरी दिली. तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग जुन्या खेळाडूंच्या भरपाईचा: सुमारे 2.8 अब्ज डॉलर, दहा वर्षांत. ही रक्कम एनसीएए सगळ्या विद्यापीठांना दरवर्षी जो वाटा देते त्यातूनही कापली जाते, त्यामुळे दाव्यात प्रतिवादी नसलेल्या गटांतल्या विचिटा स्टेटसारख्या विद्यापीठांनाही तिची झळ बसते. दुसरा भाग पुढचा आहे. 1 जुलै 2025 पासून विद्यापीठे आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि 2025-26 साठी त्याची वरची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर एवढी आहे. मर्यादा सर्वांना सारखी दिसते, पण ती गाठायला तेवढे उत्पन्न हवे. मधल्या फळीतली बहुतेक विद्यापीठे तिच्या आसपासही पोहोचत नाहीत.

फुटबॉल नसण्याचा तोटा, आणि फायदा

इथे एक गोष्ट विचिटा स्टेटला इतरांपासून वेगळी करते. या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ नाही. 2 ऑक्टोबर 1970 रोजी युटातल्या सामन्यासाठी निघालेल्या संघाच्या दोन विमानांपैकी एक कोलोरॅडोच्या डोंगरात कोसळले आणि 31 जण मरण पावले. विद्यापीठाच्या आवारात त्यांचे स्मारक आहे आणि दर 2 ऑक्टोबरला तिथे पुष्पचक्र वाहिले जाते. त्यानंतरही विद्यापीठाने फुटबॉल चालू ठेवला होता, पण पैशाचे ओझे न पेलल्याने 1986 च्या हंगामानंतर तो बंद केला.

अमेरिकी कॉलेज खेळांतला टीव्हीचा बहुतेक पैसा फुटबॉलमुळे येतो. विचिटा स्टेट 2017 मध्ये ज्या अमेरिकन कॉन्फरन्समध्ये गेला तिच्यातही फुटबॉल खेळणाऱ्या सदस्यांपेक्षा त्याला टीव्हीच्या पैशात कमी वाटा मिळतो. त्याहून वाईट म्हणजे कॉन्फरन्सची जुळवाजुळव नेहमी फुटबॉलच्या हिशेबाने होते, आणि त्या टेबलावर विचिटा स्टेटच्या हातात पत्तेच नसतात. 1945 पासूनची मिसुरी व्हॅली सोडून शॉकर्स अमेरिकनमध्ये गेले ते ह्यूस्टन, सिनसिनाटी, मेम्फिस अशा तगड्या संघांच्या पंगतीला बसण्यासाठी. 2023 मध्ये ह्यूस्टन, सिनसिनाटी आणि सेंट्रल फ्लोरिडा बिग ट्वेल्व्हला गेले, 2024 मध्ये एसएमयू अटलांटिक कोस्टला गेला, आणि त्यांच्या जागी जे सहा संघ आले ते प्रामुख्याने फुटबॉल आणि टीव्हीच्या बाजारपेठा पाहून घेतलेले होते. 2024 च्या सप्टेंबरमध्ये मेम्फिस आणि आणखी काही सदस्यांनी पॅसिफिक कॉन्फरन्सचे आमंत्रण नाकारले म्हणून गट टिकला. उद्या मेम्फिस गेलाच, तर शॉकर्सच्या वेळापत्रकातला सर्वांत वजनदार प्रतिस्पर्धी जाईल.

तरीही फुटबॉल नसण्याची दुसरी बाजू आहे आणि माझी थोडीफार आशा तिच्यावरच टिकून आहे. श्रीमंत विद्यापीठांत खेळाडूंना वाटायच्या रकमेचा सिंहाचा वाटा फुटबॉलला जातो. बहुतेक ठिकाणी पुरुष बास्केटबॉलच्या वाट्याला पंधरा टक्क्यांच्या आसपास येतात असे मानले जाते. 2 कोटी 5 लाखांच्या पंधरा टक्के म्हणजे साधारण 30 लाख डॉलर. ज्या शहराचे मन फक्त बास्केटबॉलमध्ये आहे, जिथे विमान उद्योगातले आणि तेल-वायू व्यवसायातले जुने पाठीराखे आहेत, तिथे केवळ पंधरा खेळाडूंसाठी याच्या जवळपास जाणारी रक्कम उभी करणे अशक्य कोटीतले नाही. वरच्या फळीतले सर्वांत श्रीमंत संघ पाठीराख्यांच्या निधीतून याच्या कितीतरी पुढे जातात, त्यांच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. पण आपल्याच कॉन्फरन्समधल्या, फुटबॉलचे ओझे वाहणाऱ्या संघांच्या पुढे जाता येते, आणि शॉकर्सनी आधी तिथेच जिंकायचे आहे.

शक्यतेचा साधा हिशेब

समिती जागा देताना 'नेट' नावाची क्रमवारी वापरते. 2018 पासून लागू झालेल्या या क्रमवारीत विजयांची वजनाप्रमाणे चार गटांत विभागणी होते. सर्वांत वजनदार विजय म्हणजे घरच्या मैदानावर पहिल्या 30 मधल्या, तटस्थ ठिकाणी पहिल्या 50 मधल्या किंवा बाहेर पहिल्या 75 मधल्या संघावर मिळवलेला विजय. श्रीमंत गटातल्या संघाला असे सामने जवळजवळ दर आठवड्याला आपोआप मिळतात. अमेरिकनमधल्या संघाला वर्षातून मोजके मिळतात, आणि ते वाढवायचे तर मोठ्या संघांनी आपल्याशी खेळायला तयार व्हावे लागते. 2017 साली शॉकर्स 30 विजय आणि 4 पराभव घेऊन स्पर्धेत गेले, गुणवत्तेच्या अनेक गणिती क्रमवारींत ते देशातल्या पहिल्या दहांत होते, तरी समितीने त्यांना दहावे मानांकन दिले. तेव्हाच हे अंतर मिटत नव्हते, तर आज समितीच्या भरवशावर राहणे व्यर्थ आहे.

मग उरते पहिले दार. अमेरिकनमध्ये 13 संघ आहेत. 2025 पर्यंतच्या रचनेत, कॉन्फरन्समध्ये पहिल्या चारांत आलेल्या संघाला अजिंक्यपदासाठी तीन सामने जिंकावे लागत आणि पाचव्या ते आठव्या संघाला चार. समजा पहिल्या चारांतल्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता शंभरात 65 आहे. तीन वेळा सलग तसे होण्याची शक्यता शंभरात 27 निघते. सातव्या क्रमांकाच्या संघाची शक्यता प्रत्येक सामन्यात निम्मी धरली, तर चार सलग विजयांची शक्यता शंभरात सहाच उरते. म्हणजे दरवर्षी पहिल्या चारांत येणारा संघ सरासरीने चार वर्षांतून एकदा राष्ट्रीय स्पर्धेत दिसेल आणि मधे रेंगाळणारा सोळा वर्षांतून एकदा. 2024-25 मध्ये शॉकर्सचे एकूण 19 विजय आणि 15 पराभव होते, पण कॉन्फरन्समध्ये 8 विजय आणि 10 पराभव. हा रेंगाळणाऱ्या संघाचा हिशेब आहे. आणखी चार-पाच सामने जिंकून पहिल्या चारांत जाणे हे माझ्या मते पुढच्या दोन-तीन वर्षांचे खरे लक्ष्य असावे, आणि 'फायनल फोर'ची, म्हणजे 2013 च्या शेवटच्या चारांची, आठवण काढून प्रत्येक संघाला त्याच मापाने मोजणे आपण चाहत्यांनी आता सोडावे.

यात प्रशिक्षकाचा प्रश्नही येतो. पॉल मिल्स 2023 च्या मार्चमध्ये विचिटात आले ते ओरल रॉबर्ट्स या छोट्या विद्यापीठाला 2021 मध्ये पंधराव्या मानांकनावरून शेवटच्या सोळांत नेऊन आणि 2023 मध्ये 30 विजय मिळवून. पहिल्या वर्षी 15 विजय आणि 19 पराभव, दुसऱ्या वर्षी वर दिलेला हिशेब. ही प्रगती हळू आहे, पण प्रगती आहे, आणि त्यांना वेळ द्यावा असे मला वाटते. त्यांच्याआधीच्या आयझॅक ब्राउन यांनी 2021 मध्ये कॉन्फरन्सचे साखळी अजिंक्यपद मिळवले होते आणि दोन वर्षांत त्यांना जावे लागले. दर तीन वर्षांनी प्रशिक्षक बदलला तर प्रत्येक वेळी जवळजवळ अख्खा संघ पोर्टलमध्ये जातो, आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होते.

वेळ देण्यातही एक धोका आहे आणि तो विचिटाच्या जुन्या कॉन्फरन्समध्येच दिसला. 2024-25 मध्ये ड्रेक विद्यापीठाने बेन मॅककॉलम हे प्रशिक्षक दुसऱ्या श्रेणीतून आणले. त्यांच्याबरोबर तिथलेच चार खेळाडू आले. एकमेकांबरोबर वाढलेल्या त्या मुलांनी 31 सामने जिंकले आणि राष्ट्रीय स्पर्धेत सहाव्या मानांकनाच्या मिसुरीला 67-57 असे गारद केले. म्हणजे मुरलेला संघ आजही जिंकतो. पण त्याच महिन्यात मॅककॉलम आयोवाला गेले आणि त्यांचा सर्वोत्तम खेळाडू बेनेट स्टर्ट्झही तिकडेच गेला. 2023 मध्ये शेवटच्या चारांत पोहोचलेल्या फ्लोरिडा अटलांटिकला निदान एक वर्ष जास्त मिळाले; मुख्य खेळाडू थांबले, पुढच्या मार्चमध्ये पहिल्याच फेरीत हरले, आणि मग प्रशिक्षक डस्टी मे मिशिगनला गेले. मधल्या फळीत यश आता असे येते: एक किंवा दोन वर्षांसाठी. शॉकर्सना 2012 ते 2018 अशी सात वर्षे मिळाली, ती पुन्हा मिळतील असे मी म्हणणार नाही.

म्हणून पैसा आला तर तो कुठे खर्च व्हावा याविषयी माझे मत ठाम आहे. पोर्टलमधून एक महागडा नामवंत खेळाडू आणण्यापेक्षा दुसऱ्या वर्षातल्या, दर सामन्यात वीस मिनिटे खेळणाऱ्या आपल्याच तिघांना थांबवण्यासाठी तो वापरावा. विचिटा स्टेट अजूनही मुले घडवू शकतो. कम्युनिटी कॉलेजमधून आलेला क्रेग पोर्टर इथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिला आणि 2023 मध्ये ड्राफ्ट न होताही क्लीव्हलँडच्या एनबीए संघात पोहोचला. अशा तीन मुलांना एकाच वेळी तिसऱ्या वर्षापर्यंत थांबवता आले, तर पहिल्या चारांत जाण्यासाठी लागणारे ते चार-पाच विजय त्यांच्याच हातून येतील, कारण शेवटच्या तीन मिनिटांत कुणी कुठे उभे राहायचे हे त्यांना सांगावे लागणार नाही.

पोर्टल दरवर्षी हंगामाच्या अखेरीस उघडते. मी अजूनही विचिटातच राहतो, इथल्याच एका कारखान्यात काम करतो, आणि हंगाम संपला की वहीत एका बाजूला गेल्या वर्षीच्या खेळाडूंची नावे लिहून दुसऱ्या बाजूला परत येणाऱ्यांची लिहितो. गेली काही वर्षे दुसरी बाजू जवळपास कोरी राहते. ज्या एप्रिलमध्ये तिथे सहा नावे भरतील त्या एप्रिलमध्ये मी राउंडहाउसची पुढच्या हंगामाची दोन तिकिटे काढणार आहे, एक माझे आणि एक माझ्या मुलीचे. ती आता सात वर्षांची आहे आणि भरलेले राउंडहाउस तिने अजून पाहिलेले नाही.